तीस मीटर

९ जुलै, रविवार. पहाटे ५
(घड्याळात ६:५०. पण मनाने पाचलाच उठलो होतो.)

आजपासून रोजनिशी. मोठ्या खेळाडूला कधी ना कधी आत्मचरित्र लिहावं लागतं, आणि त्याला कच्चा माल लागतो. ही वही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची. निवृत्त झालो तेव्हा चुकून माझ्या पिशवीत आली. रकाने छापलेले आहेत: भरलेलं वजन, रिकामं वजन. ते वाया घालवणार नाही.

भरलेलं वजन (नाश्त्यानंतर): ८४ किलो.
रिकामं: कळलं नाही. आठवण झाली तेव्हा नाश्ता होऊन गेला होता.

निमित्त असं की काल गल्लीप्रमुख गुनादी घरी आला. सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनासाठी गल्लीच्या तोंडावरची कमान दरवर्षी नव्याने रंगवतात. गेल्या वर्षी तिच्यावर कोमोडोचा सरडा होता. त्याच्या आदल्या वर्षी भाल्याने विषाणूला भोसकणारा सैनिक. यंदा गुनादी आदराने ‘पाक’ लावून म्हणाला, पाक काम्दी, गल्लीने एकमताने ठरवलंय, तुमचा ब्लितारचा गोल काढायचा.

मी फार आनंद दाखवला नाही. म्हटलं, पस्तीस वर्षं उशीर झाला, पण ठीक आहे. मग आत जाऊन आरशात पाहिलं. नाक अजून उत्तम आहे.

बायको वार्सिती सोयाबीनचं टेंपे तळत होती. म्हणाली, सरडा बरा होता.

संकल्प: रोज पहाटे पाच किलोमीटर धावणे. तळलेलं बंद. मिठाईच्या डब्याकडे बघणंही बंद.

१० जुलै, सोमवार

धावलो नाही. अंगात वारा शिरला होता. वारा निघावा म्हणून वार्सितीने बाम लावून नाण्याने पाठ खरवडून दिली. लाल पट्टे उठले, म्हणजे वारा खरंच होता.

पडल्यापडल्या प्रकरण पहिलं लिहिलं:

"१९८८, ब्लितार. फायनल. सिनार ब्रांतास विरुद्ध पुत्रा केलुद. सत्त्याऐंशी मिनिटं झालेली, शून्य-शून्य. धो धो पाऊस. आणि मग नऊ नंबरच्या सुकाम्दीने वीस मीटरवरून असा बॉल हाणला की गोलकीपरला फक्त जाळीचा आवाज ऐकू आला."

चांगलं जमलंय. वीस जरा कमी वाटतं.

कारकीर्द एकूण तीन हंगाम, गोल एक्केचाळीस. वार्सिती म्हणते सात. तिने प्रॅक्टिसमधले धरले नाहीत. राष्ट्रीय संघाच्या निवड चाचणीचं पत्रही आलं होतं. त्या दिवशी वारा शिरला.

वार्सिती तेव्हा ब्लितारच्या मैदानात उकडलेल्या शेंगा विकायची. माझा गोल झाला, चार महिन्यांत लग्न झालं. हे आत्मचरित्रात येणार. मात्र गोल तिने बघितला नाही. पावसात शेंगांवर प्लास्टिक घालत होती, असं तिनेच तेव्हा सांगितलं होतं. ते एका अर्थी बरंच झालं.

१४ जुलै, शुक्रवार

धावलो. गल्लीच्या टोकापर्यंत. टोकाला कॉफीची टपरी आहे हा योगायोग.

दुपारी किकची प्रॅक्टिस. पहिलाच बॉल गुनादीच्या पारव्याच्या पिंजऱ्यावर. पारवा जिवंत आहे पण घुमत नाही. मागच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस होतं. गुनादी हसून म्हणाला, काही नाही हो पाक, काही नाही, काही नाही, पक्षीच तो. किती मोठ्या मनाचा माणूस! वार्सिती म्हणाली, तो तीनदा काही नाही म्हणाला का? मग आज संध्याकाळी त्याच्या दारावरून जाऊ नका.

पण मी गेलोच, कारण महत्त्वाचं बोलायचं होतं. सतरा ऑगस्टला गल्लीतले पुरुष बायकांचे गाऊन घालून फुटबॉल खेळतात. सम घरं विरुद्ध विषम घरं. गाणं लागलं की बॉल सोडून जिथे असाल तिथे नाचायचं. मी आजवर त्यात उतरलो नाही. दरवर्षी खुर्ची टाकून बसतो आणि मान हलवतो. गुनादीला म्हटलं, यंदा कमानीवर मी आहे, तर मॅचही खरी पाहिजे. जर्सी, बूट, शिट्टी. गुनादी म्हणाला, इंग्गिह, पाक. इंग्गिह, इंग्गिह.

इंग्गिह म्हणजे अदबीचं हो, पण आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, हे मला कळतं. एकदा इंग्गिह म्हणजे नाही. दोनदा म्हणजे बघू. पण तीनदा म्हटल्यावर विषयच संपला.

१९ जुलै, बुधवार

वाईट बातमी. अकरा नंबरच्या घरात मुलीकडे कायमचा राहायला एक म्हातारा आलाय. नाव बोनारी.

त्या फायनलमधला पुत्रा केलुदचा गोलकीपर.

जेवण गेलं नाही. (नंतर गेलं.)

इथे फक्त माझ्यापुरतं लिहून ठेवतो. रेफरी वारला. लाइनमन त्या वेळी चष्मा पुसत होता. एकुलत्या एका फोटोग्राफरचा कॅमेरा भिजला होता. माझे संघातले मित्र मागे होते, त्यांना फक्त चिखल दिसला. तो गोल अगदी जवळून बघितलेला माणूस जगात एकच, आणि तो आता माझ्यापासून तिसऱ्या दारात राहतो.

गोल झाला, हे खरं. माझ्या अंगाला लागून झाला, हेही शंभर टक्के खरं. अंगाच्या कुठल्या भागाला, हा तपशील. आत्मचरित्रात कुठले तपशील घ्यायचे, हे लेखकाच्या हातात असतं.

२२ जुलै, शनिवार

टपरीवर बोनारी भेटला. दोन्ही गुडघे नवे, पोट माझ्यापेक्षा मोठं (समाधान). मला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, हाच तो! अरे काय गोल होता तो! मला बॉल दिसलाच नाही!

सगळे माझ्याकडे बघून हसले. कसं हसले ते मला कळतं.

ही सरळ धमकी आहे. दिसलाच नाही, म्हणजे कसा दिसणार, तू कुठे होतास ते सांगू का? असा त्याचा अर्थ. कमान रंगून होईपर्यंत या माणसाचं तोंड गोड ठेवलं पाहिजे.

संध्याकाळी तळलेली केळी घेऊन गेलो. दहा. वाटेत सहा उरली.

२५ जुलै, मंगळवार

प्रकरण पहिलं सुधारलं. वीस खोडून पंचवीस. नंतर वाटलं, पाऊस होता, वारा विरुद्ध होता, ते धरायला हवं. तीस. तीस मीटर. आता यात बदल नाही.

बोनारीला फणसाची भाजी. धावणं नाही (फणस निवडत होतो).

भरलेलं वजन: ८५. स्नायू वाढतायत.

३० जुलै, रविवार

कमान रंगवणार निंग्रुम, शाळेतली चित्रकलेची बाई. सकाळी स्केच करायला आली. मी बाहेर पडवीत बॉलवर पाय ठेवून उभा राहिलो, नाक उजेडाकडे. चाळीस मिनिटं. पाय झोपला.

निंग्रुम स्वयंपाकघरात वार्सितीजवळ. दोघींचं हसू ऐकू येत होतं. मध्येच वार्सिती काहीतरी म्हणाली आणि निंग्रुमच्या हातून कप पडला. बायकांना एवढं काय हसायला असतं?

शेवटी बाहेर आली. माझ्या नाकाकडे बघितलंच नाही. म्हणाली, पाक, जरा पाठमोरे व्हा ना. झालो. लगेच लक्षात आलं, नऊ नंबर पाठीवर असतो! खरी कलावंत. मग म्हणाली, आता थोडं वाका. अजून थोडं. माझा तोल कसा होता हे तिला बघायचं असणार. चेंडूवर झेपावणारा स्ट्रायकर. वाकलो. कमरेत उसण भरली तरी हूं की चूं केलं नाही.

जाताना निंग्रुमचे डोळे भरून आले होते. माझ्या कारकिर्दीचा पोरीवर परिणाम झालेला दिसतो.

४ ऑगस्ट, शुक्रवार

मॅचसाठी जर्सी काढायला कपाट उघडलं. नाही. ट्रंकेत नाही. माळ्यावर नाही. वार्सितीला विचारलं. ती म्हणाली, कोणती, ती निळी? आणि शेगडीजवळचं फडकं उचलून दाखवलं. त्यावर अर्धा नऊ.

म्हणाली, तेल काय छान टिपतं हो. आताच्या कापडात तो दम नाही.

दिवसभर अबोला धरला. रात्री जेवताना सोडला, कारण मीठ मागायचं होतं.

९ ऑगस्ट, बुधवार

आज हिंमत करून बोनारीकडे गेलो. कोंबडीचा रस्सा घेऊन. (वार्सिती म्हणाली, त्या माणसाशी लग्न लावायचंय का?) त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, जुन्या गोष्टी जुन्याच राहू देत. त्याने झाकण उघडून वास घेतला. मग हळूच म्हणाला, काम्दी, पस्तीस मीटर होतं ना? मी नातवंडांना पस्तीस सांगतो.

टोमणा! माझ्याच रश्श्याचं भांडं हातात धरून!

घरी येऊन दार लावून घेतलं. झोप नाही. बोनारी सांगणार. गल्ली हसणार. कमान पुसणार. पस्तीस वर्षं मी या गल्लीत मान वर करून चालतो ते कशाच्या जोरावर? वजनकाट्यावर उसाचे ट्रक मोजल्याच्या? लोक मला ओळखतात ते त्या एका गोलामुळे. तो काढून घेतला तर खाली काय उरतं, हे मी कधी बघितलं नाही आणि आता या वयात बघायची इच्छा नाही.

हे पान फाडायचं.
(मागच्या बाजूला फिटनेसचं वेळापत्रक आहे. राहू दे.)

१३ ऑगस्ट, रविवार

कमानीवर ताडपत्री टाकली आहे. निंग्रुम कुणाला बघू देत नाही. दुपारी गल्ली झोपल्यावर स्टूल घेऊन गेलो. वरच्या पायरीवर चढलो, ताडपत्रीचं टोक उचललं. एक ढग दिसला. उत्तम ढग. मग स्टूल हललं.

वार्सितीने नाणं काढलं. म्हटलं, वारा. ती म्हणाली, हो, स्टुलावरून चांगलाच शिरतो.

भरलेलं वजन: ८६. यात सूज धरलेली आहे.

१६ ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी गुनादी दारोदार आठवण करून देत फिरत होता. उद्या तीन वाजता, पाक. चौदा नंबर सम घरांत. गाऊन आपापला आणायचा.

म्हटलं, गाऊन? आपलं ठरलं होतं, जर्सी, बूट, शिट्टी. तुम्ही तीनदा इंग्गिह म्हणालात.

गुनादी हसून म्हणाला, इंग्गिह.

माझा खेळण्यावर बहिष्कार. उद्या सकाळी फक्त कमानीच्या उद्घाटनाला हजर राहणार. भाषण तयार आहे, सात पानं.

१७ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी १२

ध्वजवंदन झालं. सगळे कमानीखाली जमले. मी पांढरा शर्ट, वहाणा पॉलिश केलेल्या. निंग्रुमने दोरी ओढली.

पाऊस. चिखल. मागे डोंगर, उत्तम ढग. गोलकीपर भलत्याच बाजूला झेप घेतोय. आणि पुढे, कमानीच्या बरोबर मध्ये, एक माणूस. वाकून. बुटाची लेस बांधतोय. गल्लीकडे पाठ. पाठ म्हणजे पाठच नव्हे, खालचा भागही, आणि तो तब्येतीत रंगवलेला. बॉल त्यावरच आपटून जाळीकडे निघालाय.

पाच आठवडे नाकाची काळजी घेतली. चित्रात नाकच नाही.

आता गल्लीत शिरणारा प्रत्येक माणूस, भाजीवाला, सिलिंडरवाला, लग्नाचं वऱ्हाड, वर्षभर माझ्या त्या भागाखालून जाणार.

सगळ्यात वाईट हे, की कुणाला आश्चर्य वाटलं नाही. टाळ्या वाजवल्या. टपरीवाला म्हणाला, वा, लेससुद्धा बरोबर काढलीय. गुनादी म्हणाला, पाक, दोन शब्द.

सात पानं खिशातच राहिली. घरी आलो.

बोनारी! कोंबडीचा रस्सा खाऊन!

या गल्लीत यापुढे पाऊल टाकणार नाही. घर विकून मुलाकडे सुराबायाला. तीन वाजता मैदानावर जाणार, पण फक्त त्याला जाब विचारायला.

पलंगावर वार्सितीने गाऊन काढून ठेवलाय. ईदला घेतलेला, निळा, बगळ्यांचा. अजून तिने स्वतः घातलेला नाही. इस्त्री केलाय. मी मागितला नव्हता.

१७ ऑगस्ट. संध्याकाळी ६

झालं ते असं. बोनारीला गाठायचं तर मैदानात उतरावं लागणार होतं, आणि गाऊनशिवाय गुनादी आत सोडेना. नाइलाजाने घातला. काखेत घट्ट, बाकी हवेशीर.

पहिल्या दहा मिनिटांत तीनदा पडलो. दोनदा गाऊनमध्ये पाय अडकून, एकदा नाचताना. मग विषम घरवाल्यांपैकी एकाने पदर सावरावा तसा हात मध्ये घातला आणि बॉल त्याला लागला. पेनल्टी. सगळे ओरडायला लागले, काम्दी! काम्दी!

गोलात बोनारी. गुलाबी झालर.

बॉल ठेवायच्या निमित्ताने त्याच्याजवळ गेलो. दात-ओठ खाऊन म्हटलं, सांगितलंस ना?

तो म्हणाला, मी? काम्दी, तुला वेड लागलंय का? जगात कुठला गोलकीपर सांगेल की मला एका वाकलेल्या माणसाच्या ढुंगणाने हरवलं? मी पस्तीस वर्षं पस्तीस मीटर सांगत आलोय. सासुरवाडीला चाळीस. तू भाज्या घेऊन यायचास तेव्हा मला वाटायचं, हा मला गप्प राहा म्हणून विनवतोय की मी याचं खोटं निभावून नेतोय म्हणून आभार मानतोय? सकाळी ते चित्र उघडं पडलं आणि माझा धाकटा नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही तिकडे कुठे उडी मारताय?

त्याच्या झालरीकडे बघत मी बॉल खुणेवर ठेवला.

मग तो म्हणाला, मार आता. मी डावीकडे पडतो. तू उजवीकडे घाल. एक तरी खरा होऊ दे.

पाच आठवड्यांची सगळी प्रॅक्टिस एकवटून मारला. बोनारी शब्दाला जागून डावीकडे पडला. बॉल उजवीकडेच गेला. पण इतका सावकाश, की बोनारी पडला, गुडघ्यांना शिव्या देत उठला, गाऊन झटकला, तरी बॉल वाटेतच. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. रेषेच्या एक वीत अलीकडे थांबला.

बोनारी हळूच म्हणाला, ढकलू का पायाने?

तेवढ्यात गाणं लागलं. नियम म्हणजे नियम. नाचलो.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

वारा शिरलाय. या वेळी खरंच.

वार्सितीने बाम लावला, पालथं झोपवलं, नाणं काढलं. काल गाऊनची शिवण दोन ठिकाणी उसवली, त्याबद्दल एक शब्द नाही. मानेपासून खाली खरवडत आली. मग कमरेच्या चार बोटं खाली, डाव्या बाजूला, नाणं थांबलं. दोनदा टकटक केली. म्हणाली, इथेच लागला होता.

मी उशीत तोंड खुपसून विचारलं, तुला कसं माहीत.

ती म्हणाली, मला नाही माहीत तर कुणाला? कोपऱ्यातल्या पत्र्याखाली बसले होते की, टोपली घेऊन. सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी म्हटलं, तू तर शेंगांवर प्लास्टिक घालत होतीस.

म्हणाली, तसं तुम्हाला सांगितलं. पहिल्यांदा घरी आलात तेव्हा चहा पिताना तुम्ही हात हलवून हलवून सांगत होतात, वीस मीटरवरून असा हाणला. इतके खूश होतात. कसं सांगणार, मी बघितलंय म्हणून?

निंग्रुमला तिनेच सांगितलं. गुनादीच्या आईला सांगितलं एकोणनव्वद साली, विहिरीवर. तिथून गल्लीला कळायला दुपारसुद्धा लागली नाही. म्हणजे टपरीवर मी जेव्हा जेव्हा तो गोल सांगितला, आणि मी तो बराच सांगितला आहे, तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी दर वेळी विचारायचे, मग काय झालं, पाक?

मी विचारलं, मग लग्न कशाला केलंस?

नाणं पुन्हा चालायला लागलं. ती म्हणाली, गोल झाल्यावर तुमच्यावर अकरा-बारा जण पडले. ढीग झाला. मग ढीग उठला आणि खालून तुम्ही निघालात, डोळ्यांपर्यंत चिखल, लेस अजून हातात, आणि सगळ्यांना विचारत होतात, कुणी मारला, कुणी मारला? मी इतकी हसले की टोपली उलटली. अर्ध्या शेंगा चिखलात. आईने मार मार मारलं. पण मनात म्हटलं, या माणसाच्या घरात हसायला कमी पडणार नाही.

डोळ्यांतून पाणी आलं. बाम जवळ होता.

संकल्प: उद्या पहाटे पाचला धावणे. (सहा.) गाऊन शिवून देणे. बोनारीला नातवंडांसमोर सांगणे की त्या दिवशी वारा फार होता, कुणीही तिकडेच उडी मारली असती.

भरलेलं वजन: ८७.

प्रकरण पहिलं पूर्ण खोडलं. पुन्हा सुरुवात केली: "१९८८, ब्लितार. माझ्या बुटाची लेस सुटली होती." पुढे काही सुचेना. वार्सिती दिवा घालवायला आली तेव्हा विचारलं, तू बसली होतीस तिथून मी किती लांब होतो?

तिने जरा विचार केला. म्हणाली, असेल की तीस मीटर.

तीस.

म्हणजे आकडा बरोबर होता.